मुंबई ते पणजी सायकलने: महामार्ग की सागरी रस्ता?

मुंबईहून पणजीला सायकलने जायचं ठरलं की पहिला वाद रस्त्यावरून होतो. राष्ट्रीय महामार्ग ६६, म्हणजे आपला जुना १७ नंबर, की मांडव्याला उतरून किनाऱ्याकिनाऱ्याने रेडीपर्यंत जाणारा सागरी रस्ता? मी दोन्ही केलेत. महामार्गाने चार दिवस लागले, किनाऱ्याने सात. अंतरात फार फरक नाही, दिवस खातात ते चढ आणि खाड्या.

महामार्गाची बाजू आधी मांडतो, कारण सायकलवाले त्याला जरा जास्तच नावं ठेवतात. माणगाव, महाड, खेड, चिपळूण, लांजा, कणकवली अशी मोठी गावं ओळीने लागतात. मुक्कामाची चिंता नाही, काही मोडलं तर दुकान गाठता येतं. चढ लांब आहेत, पण अंगावर येत नाहीत. कशेडी मी जुन्या घाटाने चढलो. हलक्या गिअरवर एका लयीत पाय फिरत राहिले आणि वर पोहोचल्यावरही दम शिल्लक होता. कणकवलीच्या पुढे झारापपर्यंत तर काँक्रीट इतकं सलग आहे की सायकल आपोआप पळते. रजा चारच दिवसांची आणि पणजी गाठायचीच असेल, तर मी तुम्हाला अडवणार नाही.

किनाऱ्याला घाट नाहीत, म्हणून तो सोपा असेल असं मला वाटलं होतं. तसं अजिबात नाही. खाडीपाशी समुद्रसपाटीला उतरायचं, पलीकडे पुन्हा जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी पठारावर चढायचं, सड्यावर थोडं सपाट मिळतंय तोच पुढची खाडी दिसते. चढ लहान, पण उभे. धोपाव्याचा धक्का सोडल्यावर मी चक्क उतरून सायकल ढकलली. पॅनिअर, म्हणजे कॅरिअरच्या बाजूच्या पिशव्या लावून जाणार असाल तर मागच्या गिअरचं सर्वांत मोठं दातेरी चक्र किती दात्यांचं आहे ते निघण्याआधी बघा. माझं २८ दात्यांचं होतं आणि ते कमी पडलं, ३४ असतं तर गुडघे सुखी राहिले असते. ब्रेकपॅडची एक जादा जोडीही घ्या.

खाड्यांपैकी रेवदंडा, भाट्ये अशा ठिकाणी पूल आहेत. बाकी चार ठिकाणी फेरीबोट: आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेशवी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड. सुरुवातीला भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो (गाड्याही नेणारी मोठी बोट) आणि अगदी शेवटी तेरेखोलची बोट धरली तर सहा. पाण्यावरचा वेळ थोडाच, पण बोट नुकती सुटली असेल तर थांबावं लागतं. तवसाळला मी तासभर बसलो. शेवटची बोट चुकली तर मात्र खाडीला मोठा वळसा पडतो, म्हणून संध्याकाळचा मुक्काम शक्यतो खाडीच्या अलीकडेच ठेवावा. धक्क्याचा उतार ओला आणि शेवाळलेला असतो. क्लीटचे (पेडलमध्ये अडकणाऱ्या तळाचे) बूट घालून तिथे चालू नका.

आता ज्या गोष्टीने माझं मत ठरवलं ती सांगतो. ती ट्रकची भीती नव्हे. ट्रकवाले बहुतेक वेळा अंतर सोडून जातात, निदान माझ्या वाट्याला आलेले तरी. त्रास झाला तो तारांचा.

अवजड गाड्यांचे टायर फुटतात, त्यांची लक्तरं रस्त्याच्या कडेला येऊन पडतात आणि त्यातल्या पोलादी तारा सुटून कडेच्या बारीक खडीत मिसळतात. सायकलवाल्याची जागा नेमकी तीच कड. या तारा केसापेक्षा थोड्या जाड आणि नखाएवढ्या लांब. टायरमध्ये आडव्या शिरतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. हवा पण एकदम जात नाही. वीस मिनिटांनी मागचं चाक जड वाटायला लागतं, तेव्हा कळतं.

पोलादपूरच्या अलीकडे पहिल्यांदा झालं. ट्यूब बदलली, टायरच्या आतून बोट फिरवलं, काही लागलं नाही. दहा किलोमीटरवर पुन्हा तेच. तेव्हा टायर पूर्ण उतरवला, उन्हात उलटा करून इंच-इंच वाकवत गेलो. एका जागी अंगठ्याला टोचलं. नेलकटरच्या चिमटीत ते टोक धरून ओढलं, तर अर्धा सेंटीमीटर तार बाहेर आली. चार दिवसांत पाच पंक्चर झाली, त्यांतली चार अशीच. त्याहून वाईट म्हणजे त्यानंतर नजर पुढच्या चाकासमोरच्या दोन हातांवर खिळली ती पणजीपर्यंत. वाशिष्ठी कधी ओलांडली ते मला आठवत नाही, पण खडीचा रंग आठवतो.

किनाऱ्यावर सात दिवसांत एक पंक्चर, तेही काट्याने. काटा टायरच्या बाहेर दिसत होता, दहा मिनिटांत काम झालं. हे माझ्या एका फेरीवरून सांगतोय. ट्यूबलेस आणि रुंद टायर वापरणाऱ्यांना महामार्गावर कदाचित काहीच होणार नाही. शिवाय एक गोष्ट किनाऱ्याच्या विरोधात जाते: तिथे गावातल्या दुकानात प्रेस्टा व्हॉल्व्हची (बारीक तोंडाची) ट्यूब मिळण्याची आशा धरू नये. तीन ट्यूब आणि पॅचची डबी सोबत हवीच.

पण मान वर करून चालवता येणं मला फार मोलाचं वाटतं. दिवेआगरहून श्रीवर्धनला जाताना उजव्या हाताला समुद्र सोबत चालतो, आरे-वारेला वळणावरून खाली दोन्ही पुळणी दिसतात, आणि हे सगळं मी सायकल चालवत पाहिलं. हिवाळ्यात दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो. दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या तो पाठीशी असतो आणि उघड्या सड्यावर चांगलाच जाणवतो. म्हणून गोव्याहून मुंबईला उलटं येण्याचा बेत असेल तर सागरी रस्त्याला सातऐवजी आठ दिवस धरा.

दिवस कमी असतील तर मधला एक मार्ग आहे. मांडव्याहून रत्नागिरीपर्यंत किनाऱ्याने जा. चारही फेरीबोटी याच टप्प्यात येतात. तिथून हातखंब्याला महामार्गावर चढा आणि राजापूर, कणकवली करत दोन दिवसांत पणजी. फक्त हातखंब्याच्या आधी टायरची हवा बघून घ्या आणि नेलकटर हँडलबारच्या पिशवीत वरच ठेवा.