नौदल अग्निवीर भरतीची तयारी : नांदेडमधील एका निवासी अकादमीतील वर्ष

वसमत तालुक्यातील आमच्या गावातून नौदलात गेलेली माझी मुलगी ही पहिलीच. बारावी झाल्यावर तिला आम्ही नांदेडमधील एका खासगी निवासी अकादमीत वर्षभर ठेवले. राहण्या-जेवणासह 85 हजार रुपये शुल्क भरले, आणि शेतकरी घराला ही रक्कम लहान नसते, म्हणून त्या पैशांत काय मिळाले आणि काय मिळाले नाही हे इतर पालकांसाठी सविस्तर लिहीत आहे.

मैदानी तयारी ही या अकादमीची खरी जमेची बाजू आहे. शारीरिक चाचणीत मुलींना 1.6 किलोमीटर अंतर 8 मिनिटांत आणि मुलांना साडेसहा मिनिटांत कापावे लागते. लष्करातून निवृत्त झालेले एक हवालदार पहाटे साडेचारला मुलामुलींना मैदानावर आणत. प्रत्येकाची वेळ ते वहीत नोंदवत, आणि सुरुवातीला दहा मिनिटांच्या जवळ रेंगाळणारी माझी मुलगी दिवाळीपर्यंत सव्वासात मिनिटांवर आली, ती केवळ त्यांच्या चिकाटीमुळे. गणित व भौतिकशास्त्राचे शिक्षक उत्तम होते. मुलींच्या वसतिगृहातील व्यवस्था सुरक्षित होती आणि जेवण साधे, पण पोटभर असे.

उणीव आहे ती नौदलाविषयीच्या माहितीत. प्रवेशाच्या वेळी ‘नौदलासाठी स्वतंत्र तुकडी’ असे सांगितले गेले, प्रत्यक्षात मात्र पोलीस भरती, लष्कर आणि नौदल यांची मुले एकाच वर्गात बसत. अग्निवीरांचे प्रशिक्षण एझिमळा येथे होते, असे एका शिक्षकांनी अनेकदा सांगितले. प्रत्यक्षात केरळच्या कण्णूर जिल्ह्यातील एझिमळा येथे, 2009 मध्ये उद्घाटन झालेल्या भारतीय नौदल अकादमीत, अधिकारी घडतात. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील (एनडीए) तीन वर्षे संपवून नौदलाचे छात्र पुढे तेथेच जातात. अग्निवीर नाविकाची पहिली पायरी म्हणजे ओडिशातील चिल्का सरोवराकाठचे नौदलाचे प्रशिक्षण केंद्र ‘आयएनएस चिल्का’. ज्याला एनडीएतून अधिकारी व्हायचे आहे, त्याने दहावीनंतरच वेगळी तयारी सुरू केलेली बरी, आणि त्यासाठी मुलांना एनडीएच्या परीक्षेसाठी तयार करणारी राज्य शासनाची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट छत्रपती संभाजीनगरातच 1977 पासून आहे. हा फरक दहावीच्या मुलाला वेळेवर कळला नाही, तर त्याची एक संधी कायमची हातची जाते.

सेवेच्या अटींबाबतही स्पष्टता नव्हती. ‘नोकरी पक्की’ असे पालकांच्या बैठकीत सांगितले गेले. वास्तविक ही चार वर्षांची सेवा असून त्यानंतर जास्तीत जास्त 25 टक्के अग्निवीरांना कायम केले जाते. पहिल्या वर्षीच्या 30 हजार रुपये मासिक वेतनातून 9 हजार सेवा निधीत जमा होतात व शासन तेवढीच भर घालते. चार वर्षांनी व्याजासह सुमारे 11.71 लाख रुपये हाती येतात. आम्हाला हे अधिसूचना वाचून कळले.

सर्वांत जाणवलेली उणीव पोहण्याची. चिल्काच्या प्रशिक्षणात पोहणे येतेच. आमच्या भागात मुलगे पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात, मुलींना मात्र कोणी विहिरीत उतरू देत नाही. अकादमीने शहरातील तरणतलावाशी महिनाभराची व्यवस्था केली असती, तरी पुरेसे होते. माझी मुलगी चिल्काला पोहोचेपर्यंत गळाभर पाण्यातही उतरलेली नव्हती. तेथील प्रशिक्षकांनी तिला शिकवले, पण पहिले काही आठवडे तिने भीतीत काढले, हे तिने घरी फार उशिरा सांगितले.

अकादमीत कोणी सांगितले नाही, अशी आणखी एक गोष्ट तिने पुढे फोनवर सांगितली. विशाखापट्टणमच्या पाणबुडी प्रशिक्षण केंद्राचे नाव ‘आयएनएस सातवाहन’ आहे. सातवाहनांची राजधानी आपले पैठण. मराठवाड्यातील वर्गात हे सांगायला किती वेळ लागला असता?

अग्निवीरांच्या पहिल्या, सुमारे 2,600 जणांच्या तुकडीचे दीक्षान्त संचलन 28 मार्च 2023 रोजी चिल्का येथे सूर्यास्तानंतर झाले होते. मुलीच्या तुकडीचे संचलन पाहायला आम्ही विशाखापट्टणममार्गे बालुगाव स्थानकावर उतरलो. पांढऱ्या गणवेशातील शेकडो मुलांत ती आम्हाला शेवटपर्यंत ओळखू आली नाही, आणि तीच समोर येऊन उभी राहिली तेव्हा तिच्या आईला बोलता येईना. त्या पाठीच्या कण्यात नांदेडच्या पहाटे नक्कीच होत्या, हे मी मान्य करतो.

माझ्या पुतण्यालाही जूनमध्ये मी याच अकादमीत पाठवणार आहे. प्रवेशाआधी संचालकांना भेटून तरणतलावाचा आणि नौदलाच्या स्वतंत्र वर्गाचा प्रश्न लेखी विचारला आहे. विहिरीला फाल्गुनापर्यंतच पाणी असते, म्हणून तो सध्या रोज सकाळी विहिरीवर जातो, आणि या वेळी त्याची धाकटी बहीणही सोबत पाण्यात उतरते.