दोऱ्याची शिलाई हवी: एका उन्हाळ्याचा आणि वाचलेल्या पुस्तकांचा अनुभव

सकाळी लवकर उठण्यावरच्या एका जाडजूड पुस्तकाची पानं मे महिन्यात सुटायला लागली, तेव्हाच हे लिहायचं ठरवलं. पुस्तकाचं नाव देत नाही, कारण तक्रार लेखकाबद्दल नाही. चारशे रुपये मोजले होते. आधी मधली दोन पानं हातात आली, मग एक गठ्ठाच कण्यापासून सुटला. आणि हे पुस्तक पहिल्याच प्रकरणात बजावून सांगतं की मला उशाशी ठेवा आणि रोज उघडा.

ऑनलाइन विकणाऱ्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, परत करण्याची मुदत संपली. मी लिहिलं, परत नको, बदलून द्या. त्यावर ‘वापरामुळे झालेली झीज’ असं उत्तर आलं. पुस्तक वापरायचं नाही तर काय करायचं? मिक्सरला वॉरंटी मिळते, पंख्याला मिळते, आणि रोज उघडायच्या पुस्तकाला काहीच नाही, ही गोष्ट मला अजिबात पटलेली नाही. तीन वेगवेगळ्या माणसांनी तीच ओळ चिकटवून पाठवल्यावर मी नाद सोडला आणि पुस्तक घेऊन नागपूरच्या महाल भागात बाइंडर भाऊंकडे गेलो.

त्यांनी कणा वाकवून पाहिला आणि सांगितलं, “चिकटवून काई फायदा नाई. याले टोचूनच शिवा लागते. पन मंग पुस्तक पुरं उघडनार नाई, आताच सांगून ठेवतो.” झालंही तसंच. आता दोन्ही हातांनी दाबून धरावं लागतं, पण पान हलत नाही. खळीत त्यांनी मोरचूद घातलं, म्हणजे कीड लागत नाही. १२० रुपये घेतले. एवढ्या कामाला ते कमीच आहेत.

हल्लीच्या बहुतेक साध्या बांधणीत पानांच्या गड्डीचा कणा कापून, खरवडून त्यावर गरम वितळवलेला गोंद ओततात आणि वरून कव्हर चिकटवतात. दोरा कुठेच नसतो. वितळवून लावलेला गोंद उन्हाने पुन्हा मऊ पडतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, पश्चिमेच्या भिंतीवरचं कपाट संध्याकाळीही हाताला गरम लागतं, आणि खोलीत कूलरच्या ताट्यांमधून दमट वारा चालू असतो. गोंद ढिला आणि कागद ओलसर, अशा वेळी पुस्तक रोज उघडलं की पान सुटणारच. यापेक्षा चांगला, उन्हाला टिकणारा पीयूआर नावाचा गोंदही असतो, पण तो महाग पडतो, म्हणून स्वस्तातला वापरतात. जुन्या बांधणीत फर्मे, म्हणजे छापलेले मोठे कागद, घडी घालून दोऱ्याने शिवलेले असतात. तिथे गोंद गेला तरी दोरा पान धरून ठेवतो.

आता पुस्तकांबद्दल.

‘अॅटॉमिक हॅबिट्स’ हे जेम्स क्लियर यांचं २०१८चं पुस्तक एव्हाना सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे आत काय आहे ते सांगत बसत नाही. दिवाळीच्या सुमारास पहिल्यांदा संपवलं तेव्हा माझं मत फारसं चांगलं नव्हतं. रोज एक टक्का सुधारणा केली तर वर्षाअखेर सदतीस पट, हे गणित कागदावर बरोबर आहे, पण माणूस चक्रवाढ व्याजाने सुधारत नाही. एक मुद्दा, मग एका खेळाडूची गोष्ट, मग तोच मुद्दा, अशाने पानं वाढली आहेत असं वाटलं. मित्राला मी ‘घेऊ नको’ असंच सांगितलं होतं.

ते मत आता बदललं आहे, आणि त्याला कारण दोन मिनिटांचा नियम. नवी सवय सुरू करताना ती दोन मिनिटांत होईल एवढी लहान करा, एवढंच तो म्हणतो. मी रोजचा खर्च लिहायचा प्रयत्न पूर्वी खूपदा सोडून दिलेला. या नियमाप्रमाणे फक्त दिवसातला सर्वात मोठा खर्च लिहायचा, बाकी सोडायचं, असं ठरवलं. संक्रांतीपासून ते चालू आहे आणि आता सगळाच खर्च लिहिला जातो. एका कल्पनेसाठी पुस्तकाची किंमत जास्त वाटते हे खरं, पण ती कल्पना महिनोन्‌महिने टिकली तर पैसे वसूल झाले असं मी मानतो. मित्रालाही तसं कळवलं.

‘इकिगाई’चं उलट झालं. एक्तोर गार्सिया आणि फ्रान्सेस्क मिरालेस यांचं हे छोटं पुस्तक एका रविवारी संपलं आणि फार आवडलं होतं. ओकिनावातल्या ओगिमी गावातल्या म्हाताऱ्यांची शेती, त्यांची एकमेकांची विचारपूस, पोट ऐंशी टक्के भरलं की थांबायची रीत, हे सगळं वाचताना बरं वाटतं. पुन्हा उघडल्यावर मात्र हाताला काही लागेना. आवड, कौशल्य, जगाची गरज आणि कमाई अशा चार वर्तुळांची जी आकृती जो तो शेअर करतो, ती जपानी परंपरेतून आलेली नाही. मार्क विन यांनी २०१४ साली ती ब्लॉगवर मांडली. आकृती वाईट नाही, पण तिला जपानी म्हाताऱ्यांचं शहाणपण समजून लोक नोकरी सोडायच्या गप्पा करतात, याचा मला राग येतो. ऐंशी टक्के जेवायची सवय मात्र मी रात्रीपुरती लावून घेतली आहे आणि झोप सुधारली आहे. हे पुस्तक वाचनालयातून आणा, विकत घ्यायची गरज नाही.

मॉर्गन हाऊजल यांचं ‘द सायकॉलॉजी ऑफ मनी’ मी मेट्रोत वाचलं. लोकमान्य नगरहून सीताबर्डीपर्यंत एक प्रकरण आरामात होतं, आणि प्रकरणं सुटी सुटी असल्याने मध्येच बंद केलं तरी काही बिघडत नाही. शेअर बाजाराची उदाहरणं अमेरिकेची आहेत. आपल्याकडे एफडी, सोनं आणि प्लॉट या तीन गोष्टींत पैसा जातो, त्यामुळे ती भाषांतर करत वाचावी लागतात. पण रोनाल्ड रीडची गोष्ट मनातून जात नाही. पेट्रोल पंपावर आणि नंतर सफाईचं काम केलेला माणूस, २०१४ साली ब्याण्णवाव्या वर्षी वारला तेव्हा ऐंशी लाख डॉलरहून जास्त संपत्ती निघाली. त्यातला मोठा वाटा गावच्या दवाखान्याला आणि वाचनालयाला गेला. काटकसरीबद्दल इतकं सरळ लिहिलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. हे घ्याच.

कथा-कादंबऱ्यांत या काळात दोनच झाल्या, पण दोन्ही विदर्भातल्या. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांत मिळाली. २००४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली कादंबरी आहे. एकनाथ शिकलेला आहे, पण मास्तराच्या नोकरीसाठी द्यायला पैसे नाहीत, म्हणून कोरडवाहू शेतीत अडकलेला. बायको अलका शहरातून आलेली, तिची चिडचिड लेखकाने अन्याय न करता लिहिली आहे, हे मला सगळ्यात मोठं वाटलं. मधला भाग लांबतो. पण कापसाचा भाव आणि पावसाची वाट याबद्दल पेपरात वर्षानुवर्षं वाचलेलं सगळं इथे एका घरात येऊन बसतं.

उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६०ची आहे. माझ्याकडे आलेली प्रत वाचनालयातली जुनी, पुठ्ठा बांधणीची, शिवलेली. संवाद वऱ्हाडीत आहेत. पहिल्यांदा एकट्याने वाचली तेव्हा नायिका कौतिकचा सोसण्याचा भाग अंगावर आला आणि ‘फार दुःखाची आहे, कोणाला सुचवणार नाही’ असं मी वहीत लिहून ठेवलं होतं. मग आईला, म्हणजे अमरावतीकडच्या माझ्या आईला, दुपारी वाचून दाखवायला घेतली. तिने कौतिकला एकदाही बिचारी म्हटलं नाही. कौतिकच्या नवऱ्याच्या, महादेवच्या, वागण्यावर ती चिडून बोलत होती, आणि कौतिकच्या प्रत्येक डावावर “असंच करा लागते” म्हणत होती. तेव्हा दिसलं की ही बाई फक्त सोसत नाही, ती पोरांसाठी आणि घरासाठी सतत काहीतरी योजत असते. शेवट माहीत असूनही आईने तो पुन्हा वाचायला लावला. वहीतली ओळ मी खोडली.

आणि ही प्रत कितीदा उघडली, उलटी ठेवली, कूलरसमोर पडून राहिली, तरी एक पान सुटलं नाही. तिच्यावर माझ्या आधीच्या कितीतरी वाचकांचे शिक्के आहेत.

म्हणून माझं प्रकाशकांना मनापासून म्हणणं आहे: जे पुस्तक रोज उघडा म्हणून विकता, ते शिवून द्या. पन्नास रुपये जास्त घ्या, मी देईन. अक्षरं मोठी आणि समास रुंद करून पानं वाढवता, त्यातली काही पानं कमी करा आणि तो खर्च दोऱ्यावर करा. सवय बदलायला आलेला माणूस पुस्तकाकडे पुन्हा पुन्हा येतो, त्याच्याच हातात पानं सुटी येतात, हे चुकीचं आहे.

दुकानात घेताना पुस्तकाचा कणा वरून बघा. पानं लहान लहान घड्यांत दिसली आणि घडीच्या मध्यावर दोरा दिसला तर शिवलेलं. सगळी पानं एकेकटी, सपाट चिकटलेली दिसली तर फक्त गोंद आहे. तसलं घ्यावंच लागलं तर उन्हाळ्यात गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, पश्चिमेच्या भिंतीपासून लांब ठेवा, आणि पहिलं पान सुटलं की लगेच बाइंडरकडे न्या. माझ्यासारखं गठ्ठा सुटेपर्यंत थांबू नका.