एकाच टोळीचे अंगठे तीन स्टँपांवर

ऊसतोडीच्या मुकादमानं माझ्यासारख्या ऊस वाहतूकदाराचे बुडवलेले 9 लाख 60 हजार. 12 कोयते, म्हणजे ऊस तोडणारी 12 जोडपी, कोयत्याला 80 हजार उचल, म्हणजे आगाऊ रक्कम. अक्षय तृतीयेला दीड लाख रोख, जूनमध्ये साडेचार लाख खात्यावर आणि पोळ्याला उरलेले 3 लाख 60 हजार. शिवाय टोळी आणायला बीडला गेलेला ट्रक रिकामा परत आला, त्याचं भाडं 38 हजार.

शिरोळ तालुक्यातलं आमचं गाव एवढंसं, पण उसाचे ट्रॅक्टर चाळीसच्या घरात. मुकादम बुडवतात हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मग मी कसा फसलो? हाच मुकादम दोन हंगाम वेळेवर आला होता, पै न् पै फेडून गेला होता. अशा माणसावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर?

पण पोळ्याला त्याच्या वस्तीवर गेलो, तेव्हाच कळायला हवं होतं. स्टँपवर एकेकाचा अंगठा घेत होतो. एक म्हातारी शाईचं बोट लुगड्याला पुसत म्हणाली, "मागल्या आठवड्यात दिला की अंगठा, आता परत कशाला?" मुकादम हसला, "बँकेचं म्हणतीय ती, अण्णा." मीही हसलो! त्याच्या घरचा चहा प्यायलो आणि उरलेले पैसे दिले. ते वाक्य आजही झोपू देत नाही. अंगठा घेताना मजुराला बाजूला घेऊन विचारा, हातात किती पडले, आणखी कुणाची उचल आहे का. मुकादमासमोर कुणी बोलत नाही.

दिवाळीनंतर फोन बंद, वस्तीवर कुलपं.

आमच्या ठाण्यात म्हणाले, पैसे तिकडं दिलेत, तिकडं जा. तिकडं म्हणाले, करार तुमच्याकडं नोटरी झालाय, ही दिवाणी बाब आहे. अहो, गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, कायदाच आहे तसा! हे मला वकिलानं सांगितलं, 5 हजार घेऊन. चार चकरा मारल्या. एकदा तर साहेब बंदोबस्ताला गेले म्हणून संध्याकाळपर्यंत बाकड्यावर बसवलं. शेजारी बेळगावकडचा एक वाहतूकदार बसलेला आणि एक सांगलीचा. कागद जुळवले तर तीन स्टँपांवर तीच बारा जोडपी. एवढं दाखवूनही हवालदार म्हणतो, "उचल देताना आम्हाला विचारलं होतं का?"

कारखान्याचं म्हणणं, उचल तुमच्या जबाबदारीवर. कर्ज माझ्या नावावर, सातबारा माझा गहाण.

मुकादमानं दिलेला तारणाचा चेक वटला नाही. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो आल्यापासून 30 दिवसांत चेक देणाऱ्याला नोटीस द्यायची असते. मी त्याच्या "देतो की अण्णा" या शब्दावर 47 दिवस घालवले. तुम्ही एकही घालवू नका. आणि रोख देऊच नका. माझ्या त्या दीड लाखाचा आज कुठे पुरावाच नाही.

2019 च्या पुरात ऊस कुजला, तेव्हा निदान पंचनामा तरी झाला होता. आता घरचाच 86032 जातीचा ऊस तुऱ्यावर आलाय, दुसऱ्याची टोळी मजुरीवर एकरी 5 हजार खुशाली मागतेय आणि ट्रॅक्टर दारात उभा आहे.