सुटून आलेल्या बहिणीचे दोन चित्रपट: आधी कोणता बघाल?

गोष्ट जवळजवळ एकच. थोरली बहीण खुनाची शिक्षा भोगून सुटते आणि धाकटीपाशी पोहोचू पाहते.

'द अनफरगिव्हेबल' (२०२१) मध्ये सँड्रा बुलक २० वर्षांनी बाहेर येते. शेरीफला, म्हणजे तिथल्या पोलीस अधिकाऱ्याला, मारणारी म्हणून तिच्यावर शिक्काच बसलाय. सिएटलमध्ये ती मासळी साफ करण्याच्या कारखान्यात काम करते, तिथे मारही खाते. धाकटी दत्तक गेलेली. तिला भेटायची हिला बंदी. इथवर चित्रपट पकडून ठेवतो. पण मग शेरीफची मुलं सूड घ्यायला निघतात आणि त्याचा थरारपट होतो. मूळ ब्रिटिश मालिका तीन भागांची होती. तेवढा ऐवज दोन तासांत कोंबलाय, हे जाणवतं.

'आय हॅव लव्हड यू सो लाँग' (२००८) फ्रान्समधल्या नान्सीत घडतो. क्रिस्टिन स्कॉट थॉमसने पोटच्या सहा वर्षांच्या मुलाला मारल्याबद्दल १५ वर्षं काढली आहेत. ही थोरली आपल्याला नाहीच, असं धरून आईवडिलांनी धाकटीला वाढवलेलं. तीच धाकटी आता विमानतळावर तिला घ्यायला जाते, घरी ठेवून घेते. अडचण नवऱ्याची: लहान मुली हिच्या भरवशावर सोडायच्या? त्याचा राग येत नाही, हीच गंमत. एका जेवणावळीत पाहुणा खोदून खोदून विचारतो, इतकी वर्षं होतीस कुठे? ती खरं ते सांगून टाकते आणि सगळे विनोद समजून हसतात. दिग्दर्शक फिलिप क्लोदेल मूळचे कादंबरीकार, आणि त्यांनी तुरुंगात शिकवलेलंही आहे. धाकटी झालेल्या एल्सा झिल्बरस्टाइनला या कामासाठी सेझार हा फ्रान्सचा मानाचा चित्रपट पुरस्कार मिळाला.

तक्रार मात्र दोन्हींबद्दल आहे. 'खरं काय घडलं होतं' हे शेवटी उलगडून दोघंही नायिकेचा गुन्हा हलका करतात. तिला गुन्ह्यासकट स्वीकारायची वेळ प्रेक्षकावर येतच नाही.

ती वेळ 'शेरीबेबी' (२००६) आणतो. मॅगी जिलेनहालची शेरी हेरॉइनच्या नादाने तुरुंगात गेलेली, सुटल्यावरही धड सावरत नाही. भावाकडे वाढणारी तिची मुलगी तिला आई न म्हणता नावाने हाक मारते, तेव्हा पोटात कालवतं.

सबटायटलांचा कंटाळा नसेल, तर आधी फ्रेंच बघा. दमून आल्यावर काहीतरी वेगवान हवं असेल, तर बुलकचा. 'शेरीबेबी' एकट्यानेच बघा. त्यातले काही प्रसंग आईवडिलांशेजारी बसून बघण्यासारखे नाहीत.