साडेअठरा हजारांचा पॉवर कंडिशनर, अकरा महिन्यांनंतर

इचलकरंजीत राहतो. गल्लीच्या टोकाला यंत्रमागांचे दोन कारखाने आहेत, त्यामुळे व्होल्टेजचा भरवसा नाही. संध्याकाळी मल्टिमीटर 208 दाखवतो, रात्री दीडला 249. अ‍ॅम्प्लिफायर साधाच आहे, आत गोल कड्यासारखा (टोरॉइडल) ट्रान्सफॉर्मर, जोडीला बुकशेल्फ स्पीकर. ऐकणं बहुतेक ख्याल. गेल्या ऑगस्टमध्ये दुकानदाराने गळी उतरवलं की लाइट 'घाण' आहे, ती साफ केली की आवाज उघडेल. म्हणून भिंतीतला प्लग आणि अ‍ॅम्प यांच्या मध्ये बसून वीज गाळणारा हा डबा, पॉवर कंडिशनर, घेतला. साडेअठरा हजार.

पहिल्या रात्री खरंच वाटलं की तानपुऱ्याच्या तारा सुट्या ऐकू येतायत. बायकोला हाक मारून बसवलं. ती म्हणाली, "छान आहे," आणि कुकर बंद करायला गेली.

आठवड्याने मुलीला कामाला लावलं. ती पडद्यामागे प्लग बदलणार, कधी कंडिशनरमध्ये, कधी थेट भिंतीत, नाणं उडवून ठरवणार आणि वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवणार. प्लग हलवला नाही तरी दरवेळी अ‍ॅम्प बंद करून चालू करायचा, म्हणजे त्यावरून ओळखता येऊ नये. तुकडा एकच, व्हॉल्यूमला हात नाही. वीस वेळा केलं. माझी अकरा उत्तरं बरोबर आली. डोळे मिटून नुसतं नाणं उडवत बसलो असतो तरी साधारण एवढीच आली असती.

मग अ‍ॅम्पचं झाकण उघडून पाहिलं, तेव्हा जरा डोक्यात प्रकाश पडला. भिंतीतले 230 व्होल्ट गाण्यापर्यंत पोचतच नाहीत. आधी ट्रान्सफॉर्मर ते उतरवतो, मग ब्रिज रेक्टिफायर एसीचं डीसी करतो, मग 10,000 मायक्रोफॅरॅडचे दोन डबडे कपॅसिटर ते साठवून धरतात. साफसफाईचं खातं आतच आहे. बाहेर आणखी एक झाडूवाला उभा केला तर त्याला झाडायला फारसं उरत नाही.

पण म्हणून माझ्याकडे कटकट नव्हती असं नाही. तीन होत्या आणि तिन्ही घरातल्याच.

पहिली, स्पीकरमधली बारीक घूंऽऽ. पेटीवर ताडून पाहिली तर खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर. म्हणजे 100 हर्ट्झच्या आसपास, 50 हर्ट्झच्या लाइटची दुप्पट. कंडिशनरने ती तसूभर हलली नाही. एके दिवशी सेट-टॉप बॉक्सची केबल काढली आणि घर एकदम गप्प झालं. केबलवाल्याचं अर्थिंग वेगळं, भिंतीतलं वेगळं, आणि दोन्ही माझ्या अ‍ॅम्पमधून हात मिळवत होते. ग्राउंड लूप. आता टीव्हीचा आवाज ऑप्टिकल वायरने घेतो. त्यात तांबंच नाही, त्यामुळे लूप होण्याचा प्रश्न नाही.

दुसरी, पंखा दोनवर ठेवला की चर्रर्र. पाचवर गायब. हा जुना गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर: आतला ट्रायॅक नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच दर अर्ध्या लाटेला वीज मधूनच तोडतो आणि तो खरखरीत कचरा वायरिंगमध्ये सोडतो. इथे कंडिशनरला श्रेय द्यायला हवं, खरखर निम्मी झाली. पण तीनशे रुपयांचा कपॅसिटरवाला स्टेप रेग्युलेटर बसवला आणि ती पूर्णच गेली. ज्यांच्या स्पीकरमध्ये खरखर आहे त्यांनी आधी पंखा बंद करून बघा.

तिसरी, लाइट गेली की अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मरच गुरगुरायचा. स्पीकरमधून नव्हे, डब्यातून. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा होता. कंडिशनरमधून दिला तरी तेच. बॅटरी संपल्यावर साइन वेव्हचा घेतला, गुरगुर थांबली. रात्री व्होल्टेज 249 ला गेलं की थोडी अजूनही येते, कारण कंडिशनर म्हणजे स्टॅबिलायझर नव्हे. व्होल्टेज तो फक्त दाखवतो, कमी-जास्त करत नाही. हे दुकानात कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

उपयोग झाला तो भलत्याच ठिकाणी. पहिल्या दिवसापासून त्यावरचा अर्थिंगचा लाल दिवा पेटलेला. मला वाटलं माल खराब. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मोजलं तर 9 व्होल्ट. अंगणातला अर्थिंगचा खड्डा पार सुकला होता. वायरमनने मीठ-कोळसा भरला, चार बादल्या पाणी ओतलं. 2 व्होल्टवर आलं, दिवा विझला. अर्थ धड नसेल तर फेज आणि अर्थमधलं सर्ज संरक्षण, म्हणजे अचानक उसळलेल्या व्होल्टेजपासूनचं, नावालाच असतं.

आणि मे महिन्यातला वळीव. खांबावर न्यूट्रल तुटला. घरातलं व्होल्टेज चढलं, ट्यूब भलत्याच उजळल्या आणि मी मेन स्विचकडे धावेपर्यंत कंडिशनरमधून फट् आवाज आणि जळका वास. शेजारच्यांचा टीव्ही गेला. माझा अ‍ॅम्प वाचला. उघडून पाहिलं तर आत नखाएवढी निळी चकती, जादा व्होल्टेजची लाट स्वतःवर घेणारी एमओव्ही, काळी ठिक्कर. त्यावर 14D431 लिहिलेलं, म्हणजे 275 व्होल्टपर्यंत गप्प बसणारी. क्षणभराच्या लाटेसाठी असते ती, मिनिटभर तापवायला नाही. ती शॉर्ट झाली, त्यामुळे फ्यूज उडाला, म्हणून अ‍ॅम्प वाचला. याला संरक्षण म्हणा किंवा नशीब म्हणा. एमओव्ही तशीही दर लाटेला थोडी थोडी झिजते, बाहेरून कळत नाही.

वायरमनने वीस रुपयांत नवी चकती टाकून दिली. न्यूट्रल तुटण्यावर खरा उपाय म्हणून मीटरशेजारच्या बोर्डात दोन हजारांच्या आत ओव्हर-अंडर व्होल्टेज कटऑफ बसवला, 265 वर गेलं की अख्खं घर तोडतो. शिवाय एक सर्ज अरेस्टर. साडेअठरा हजार हातात असते तर एवढं करून उरलेल्यात पुढचे स्पीकर बघितले असते.

कंडिशनर विकायला काढला होता, निम्म्यालाही गिऱ्हाईक मिळालं नाही. अ‍ॅम्प आता थेट भिंतीत आहे. कंडिशनर जिन्याखाली लावलाय, त्याचा निळा आकडा लांबून दिसतो. पाण्याची मोटर लावायच्या आधी सासरे रोज तो बघून येतात. "दोनशे दहा आहे रे, लावू का?"