कॉलेज रोडचा कन्सल्टंट, मुंबईचा वकील की तिकडचा अ‍ॅटर्नी?

अमेरिकेच्या व्हिसासाठी किंवा ग्रीन कार्डसाठी मदत हवी असली की नाशिककरापुढे तीन दारं असतात: कॉलेज रोड-गंगापूर रोडवरचा कन्सल्टंट, मुंबईतला इमिग्रेशनचा वकील आणि अमेरिकेत मुलगा राहतो तिथला अ‍ॅटर्नी, म्हणजे तिकडचा वकील. पहिलं दार जवळचं आणि स्वस्त, म्हणून बहुतेक जण तिथेच चप्पल काढतात.

फिरायला किंवा शिकायला जाणाऱ्याचं सरळ प्रकरण असेल तर त्यात काही वावगंही नाही. डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म भरणं, अपॉइंटमेंट घेणं, कागदपत्रं नीट लावणं याला वकील लागत नाही. पण त्याच फॉर्ममध्ये ‘अर्ज भरायला कुणी मदत केली का’ असा प्रश्न असतो. तिथे कन्सल्टंट ‘नाही’ टाकायला लागला, तर बाकीच्या रकान्यांत काय टाकतोय तेही बघा. खोट्या माहितीमुळे कायमची बंदी येऊ शकते आणि ती येते अर्जदारावर, कन्सल्टंटवर नाही. ‘व्हिसाची गॅरंटी’ म्हणणाऱ्याकडून तर सरळ उठून यावं. २१४-बीखाली, म्हणजे ‘हा परत येईल असं पटत नाही’ म्हणून, नकार आल्यावर ‘अपील टाकू’ म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. त्या नकारावर अपीलच नाही. पुन्हा फी भरून नवा अर्ज करायचा.

मुंबईचा वकील मला या कामात सगळ्यात कमी उपयोगाचा वाटतो. ऑफिस चकचकीत असतं, पण सनद भारतातली. अमेरिकेतल्या कोर्टात ती चालत नाही. मुंबईत बसून काम करणाऱ्याकडे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वकिलीचा परवाना असेल तर गोष्ट वेगळी. राज्य कोणतं ते विचारा आणि त्या राज्याच्या बारच्या, म्हणजे वकिलांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, वेबसाइटवर त्याचं नाव स्वतः शोधा.

तिकडचा अ‍ॅटर्नी महाग, पण आधी नकार आलाय, कुणी मुदतीपेक्षा जास्त राहून आलंय, अटकेची नोंद आहे, अशा वेळी पर्याय तोच. १८० दिवसांपेक्षा जास्त बेकायदा राहून परतलेल्यावर ३ वर्षांची आणि वर्षभर किंवा जास्त राहिलेल्यावर १० वर्षांची बंदी लागू शकते. तिथे कन्सल्टंटच्या अंदाजावर जाऊ नये. इमिग्रेशनचा कायदा तिथे केंद्राचा आहे, त्यामुळे मुलगा न्यू जर्सीत असला तरी टेक्सासचा अ‍ॅटर्नी चालतो. मोठ्या शहराचे दर मोजायची सक्ती नाही. दोन-तीन ठिकाणी विचारून फी लेखी घ्या. एच-१बीचा, म्हणजे नोकरीच्या व्हिसाचा, अर्ज मात्र कंपनी करते. कंपनीने नेमलेला वकील आधी कंपनीचं बघतो, हे नोकरी बदलताना लक्षात ठेवा.

आई-वडिलांच्या ग्रीन कार्डात खरं घोडं अडतं ते नाशिकमध्येच. मुलगा २१ वर्षांवरचा अमेरिकन नागरिक असेल तर आई-वडिलांसाठी कोट्याची रांग नाही. भावंडांसाठी मात्र ती पंधरा वर्षांच्या पुढे जाते. पण आईच्या जन्माची नोंदच सापडत नाही, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, वडिलांच्या आडनावाचं स्पेलिंग दोन तऱ्हांचं. महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचं प्रतिज्ञापत्र ही जमवाजमव न्यू जर्सीतून होत नाही. ती इथला साधा वकील करून देतो, तीही कमी पैशात. यूएससीआयएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे, जाणाऱ्या मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराची सही केलेली हमी लागते; त्यावर नोटरीचा शिक्का लागत नाही, तेव्हा त्याचे वेगळे पैसे देऊ नका.

आई-वडिलांच्या प्रकरणात मी अर्ज तिकडच्या अ‍ॅटर्नीकडे आणि कागद इथल्या वकिलाकडे देईन. अ‍ॅटर्नीकडून कागदांची यादी आधी मागवायची, मग महापालिकेच्या खिडकीवर जायचं.