फ्रेम, संयुक्त कंपोनंट की कंटेनर? डेल्फीत कंट्रोलच्या आत कंट्रोल बसवताना

फाइलचा मार्ग दाखवणारा एडिट (मजकुराची चौकट), त्याला चिकटून फाइल निवडण्याचे बटण आणि वर एक लेबल, असा तीन कंट्रोलचा (पडद्यावरील घटकांचा) संच एका प्रकल्पात दहा-बारा फॉर्मवर (प्रोग्रामच्या खिडक्यांवर) लागतो, तेव्हा तो दर वेळी नव्याने मांडण्यापेक्षा एकाच पालक कंट्रोलच्या पोटात बसवावा, हे कुणालाही सुचते. डेल्फी या प्रोग्रामिंग साधनाच्या व्हीसीएल या तयार घटकांच्या लायब्ररीत त्यासाठी तीन मुख्य मार्ग आहेत: फ्रेम, संयुक्त कंपोनंट आणि खरा कंटेनर. कोणता कमी मेहनतीचा, या प्रश्नापासून सुरुवात केली तर उत्तर बहुधा चुकते. आतल्या कंट्रोलना पुढे कोण हात लावणार, आणि त्यांची माहिती फॉर्मची मांडणी साठवणाऱ्या डीएफएम फाइलीत कोण लिहिणार, हे आधी ठरवावे लागते.

त्याआधी ओनर आणि पेरेंट या दोन नात्यांतील फरक पक्का हवा. ओनर हा आयुष्याचा मालक आहे. तो नष्ट झाला की त्याच्या मालकीचे सर्व कंपोनंट नष्ट होतात. पेरेंट म्हणजे पडद्यावर ज्याच्या चौकटीत कंट्रोल दिसते तो. क्यूटीसारख्या लायब्ररीत ही दोन्ही कामे एकच पालक करतो, त्यामुळे तिकडून आलेल्या प्रोग्रामरचा इथे हमखास गोंधळ होतो. व्हीसीएलमध्ये फॉर्म साठवला जाताना गेटचिल्ड्रन ही मेथड पालकातील कंट्रोल एकेक करून तपासते आणि ज्यांचा ओनर साठवणीचा मूळ घटक, म्हणजे सहसा फॉर्म, असतो, तेवढेच फाइलीत लिहिते. पुढची जवळपास सगळी तुलना या एका नियमातून निघते.

फ्रेम 1999 साली डेल्फी 5 बरोबर आली. ती फॉर्मसारखीच डिझायनरमध्ये मांडता येते, पॅकेज तयार करून आयडीईत (कोड लिहिण्याच्या आणि फॉर्म मांडण्याच्या साधनात) बसवावे लागत नाही आणि मूळ फ्रेममधील बदल ती वापरणाऱ्या सर्व फॉर्मवर आपोआप पोचतो. मात्र फॉर्मवर ठेवलेल्या फ्रेमची आतली प्रत्येक वस्तू उघडी असते. कुणीही त्यातले बटण दहा पिक्सेल सरकवू शकतो, आणि तसे केले की ती जागा त्या फॉर्मच्या डीएफएममध्ये वेगळी नोंदली जाते. त्यानंतर मूळ फ्रेममध्ये बटणाची जागा बदलली तरी त्या फॉर्मवर ती बदलत नाही. वर्षभराने एकाच फ्रेमची चार रूपे चार फॉर्मवर दिसू लागतात आणि कारण सापडत नाही. शिवाय फ्रेमला ऑनक्रिएट हा इव्हेंट नाही, त्यामुळे सुरुवातीची तयारी कन्स्ट्रक्टर (वस्तू तयार होताना चालणारी मेथड) ओव्हरराइड करून, म्हणजे नव्याने लिहून, करावी लागते. प्रोग्राम चालू असताना त्याच फ्रेमची दोन रूपे एकाच ओनरखाली तयार केली, तर दुसऱ्या वेळी त्या नावाचा कंपोनंट आधीच आहे अशी चूक येते. पहिल्याचे नाव रिकामे करून ठेवले की ती टळते. एका प्रकल्पापुरता, एकाच चमूने वापरायचा संच असेल तर मी तरीही फ्रेमच निवडेन.

संयुक्त कंपोनंट हा बंद पेटीचा मार्ग आहे. पालक कंट्रोलच्या वर्गाच्या कन्स्ट्रक्टरमध्ये आतली कंट्रोल कोडने तयार करायची, त्यांचा ओनर आणि पेरेंट दोन्ही स्वतःलाच ठेवायचे. माझी पहिली चूक इथेच झाली होती: कन्स्ट्रक्टरला मिळालेला ओनर, म्हणजे फॉर्म, मी जसाच्या तसा आतल्या एडिटला दिला. नियमाप्रमाणे तो एडिट डीएफएममध्ये लिहिला गेला, आणि फॉर्म पुन्हा उघडताना एक एडिट कन्स्ट्रक्टरने व दुसरा फाइल वाचणाऱ्याने असे दोन एडिट एकावर एक तयार झाले. ओनर स्वतःला केल्यावर हा प्रश्न उरत नाही.

मग आतल्या एडिटच्या प्रॉपर्टी वापरणाऱ्याला कशा द्यायच्या? एक तर हव्या तेवढ्याच प्रॉपर्टी पालकावर नव्याने जाहीर करून आत पोचवायच्या. हे लिहिणे कंटाळवाणे असले तरी पेटी खरोखर बंद राहते. नाहीतर संपूर्ण एडिट प्रॉपर्टी म्हणून प्रकाशित करून त्यावर सेटसबकंपोनंट ही मेथड बोलवायची, म्हणजे ऑब्जेक्ट इन्स्पेक्टरमध्ये (आयडीईतील प्रॉपर्टींच्या यादीत) तो उलगडून दिसतो आणि त्याची मूल्ये पालकाच्याच नोंदीखाली साठवली जातात. ही सोय डेल्फी 6 पासून आहे आणि त्याच आवृत्तीतील टीलेबल्डएडिट हे तिचे चांगले उदाहरण आहे. ती न बोलवता कंपोनंट प्रकाशित केला, तर साठवणारा त्याला दुसरीकडच्या कंपोनंटचा केवळ संदर्भ समजतो.

या दुसऱ्या सोयीत एक धोका दडलेला आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. एडिटमधील मजकूर बदलला की बटण चालू किंवा बंद करावे, म्हणून आपण कन्स्ट्रक्टरमध्ये एडिटच्या ऑनचेंज या इव्हेंटला आपला हँडलर (तो इव्हेंट घडल्यावर चालणारा कोड) जोडतो. वापरणाऱ्याने ऑब्जेक्ट इन्स्पेक्टरमधून त्याच ऑनचेंजला स्वतःचा हँडलर दिला की आपला हँडलर निमूटपणे पुसला जातो. उपाय असा की एडिटचा एक छोटा उपवर्ग करावा, त्यात चेंज ही मेथड ओव्हरराइड करून पालकाला कळवावे आणि ऑनचेंज वापरणाऱ्यासाठी मोकळा सोडावा.

आणखी काही गोष्टी संयुक्त कंपोनंटमध्ये स्वतः सांभाळाव्या लागतात. कन्स्ट्रक्टर चालतो तेव्हा पालकालाच अजून पेरेंट नसतो, म्हणून तिथे कॉम्बोबॉक्समध्ये ओळी भरू गेल्यास कंट्रोलला पालक खिडकी नसल्याची चूक येते. ते काम क्रिएटडब्ल्यूएनडी या खिडकी तयार करणाऱ्या मेथडमध्ये न्यावे. पॅनेलपासून वर्ग काढला असेल तर त्याच्या कंट्रोलस्टाइलमधून सीएसअ‍ॅक्सेप्ट्सकंट्रोल्स हा ध्वज काढावा, नाहीतर डिझायनरमध्ये कुणीही आपल्या पेटीत भलतेच कंट्रोल टाकू शकतो. पालक बंद केला की आतल्या एडिटला इनपुट मिळत नाही, पण तो करडा दिसत नाही. त्यासाठी सीएम_एनेबल्डचेंज्ड हा संदेश हाताळून आतल्या कंट्रोलचीही स्थिती बदलावी लागते. त्यातच कंपोनंटचा कोड डिझाइनच्या वेळी आयडीईच्या प्रोसेसमध्ये चालतो, त्यामुळे आपल्या चुकीचा फटका थेट आयडीईला बसतो. हे सगळे मान्य असेल आणि संच अनेक प्रकल्पांत जाणार असेल, तरच हा मार्ग घ्यावा.

खऱ्या कंटेनरचा हेतूच वेगळा आहे, कारण तिथे आत काय येणार हे वापरणारा ठरवतो. सीएसअ‍ॅक्सेप्ट्सकंट्रोल्स चालू ठेवला की डिझायनरमध्ये टाकलेल्या कंट्रोलचा ओनर फॉर्म आणि पेरेंट आपला कंटेनर होतो, म्हणून ती आपोआप साठवली जातात. अडचण येते ती कंटेनरला शीर्षपट्टी आणि तिच्याखाली मजकुराचे वेगळे पॅनेल देऊ केल्यावर. आतले पॅनेल कंटेनरच्या मालकीचे असल्यामुळे साठवणारा त्याच्यापर्यंत पोचत नाही, आणि त्यात टाकलेली बटणे फॉर्म पुन्हा उघडल्यावर नाहीशी होतात. गेटचिल्ड्रन ओव्हरराइड करून ती लिहिता येतात, पण वाचताना त्यांचा पेरेंट बाहेरचा कंटेनर होतो आणि त्यांना पुन्हा आत वळवावे लागते. माझ्या मते आतले पॅनेल टाळणेच उत्तम. शीर्षपट्टी पेंट या मेथडमध्ये रंगवावी आणि अ‍ॅडजस्टक्लायंटरेक्ट या मेथडमध्ये वरची जागा राखावी. ग्रुपबॉक्सही आपल्या शीर्षकासाठी हेच करतो. अनेक पाने खरोखरच हवी असतील तर पेजकंट्रोलप्रमाणे पानांनाच फॉर्मच्या मालकीचे कंपोनंट करावे.

लांबलचक यादीत प्रत्येक ओळीसाठी असा संच ठेवायचा विचार असेल, तर तिन्ही मार्ग सोडून द्यावेत. प्रत्येक एडिट आणि बटण म्हणजे विंडोजची स्वतंत्र खिडकी, आणि विंडोज एका प्रोसेसला मुळात 10,000 यूझर ऑब्जेक्टची (त्यांत खिडक्याही मोजल्या जातात) मर्यादा घालते. एका ओळीला पाच खिडक्या धरल्या तर 500 ओळींतच 2,500 खिडक्या होतात. मर्यादा गाठण्याच्या कितीतरी आधी यादी सरकवणे जड होते. अशा ठिकाणी ओळी स्वतः रंगवाव्यात आणि संपादन चालू असलेल्या ओळीवरच एक खरा एडिट आणून ठेवावा.

निर्णय होत नसेल तर फ्रेमपासून सुरुवात करण्यात फारसे नुकसान नाही, पण नंतरच्या बदलाची किंमत आधी मोजून ठेवावी. फ्रेमचे रूपांतर संयुक्त कंपोनंटमध्ये करताना प्रत्येक फॉर्मच्या डीएफएममध्ये इनलाइन शब्दाने सुरू होणारी नोंद ऑब्जेक्ट करावी लागते आणि तिच्या आत साचलेली सगळी वेगळी मूल्ये काढून नव्या प्रॉपर्टींमध्ये हलवावी लागतात. डेल्फी 5 पासून डीएफएम मजकूर स्वरूपात साठवता येत असल्याने हे काम हाताने होते. फ्रेम वापरणारे फॉर्म आठ-दहा आहेत तोवर ते एका दुपारचे काम असते.